वाढत्या चेहऱ्याची जबाबदारी

आपल्याकडे मूल जन्मले, की पहिल्या काही आठवड्यांत त्याच्या डोक्याची आणि नाकाची जेवढी चिंता घरातल्या वडीलधाऱ्या बायका वाहतात तेवढी दुसऱ्या कोणत्याही अवयवाची वाहत नाहीत. न्हाऊ घालणारी बाई बाळाला आपल्या लांब केलेल्या पायांवर उताणे घेते, तेलाच्या हाताने त्याचे कपाळ मागे सारते, डोके दोन्ही तळव्यांत धरून त्याला गोलाई आणू पाहते, नाकाचा शेंडा चिमटीत धरून हलकेच ओढते, आणि शेवटी टाळू भरून ती उडते आहे ना, हे बोटाच्या टोकाने पाहते. या मर्दनाने नाक सरळ होत नाही, जोर अधिक झाला तर अपायच होतो. परंतु मुलाचा चेहरा जन्मतः पुरा झालेला नसून तो अजून घडायचा आहे, ही जी समजूत या विधीच्या मुळाशी आहे, ती शास्त्राच्या कसोटीला पूर्णपणे उतरते, आणि मराठवाड्यातल्या किल्लारीच्या एखाद्या आजीला ती जितकी पटलेली असते तितकी ती आमच्या आरोग्यखात्याच्या दप्तराला अद्याप पटलेली नाही, असे मला खेदाने म्हणावेसे वाटते.

कारण त्याच घरात दुभंगलेल्या ओठाचे मूल जन्माला आले, की ही समजूत एकाएकी लोपते. ग्रहणाच्या वेळी आईने विळीवर भाजी चिरली असावी, सुईत दोरा ओवला असावा, पूर्वजन्मीचे काही भोवले असावे, अशा दोषशोधनात दिवस जातात, आणि चेहऱ्याचे जे व्हायचे ते होऊन चुकले असे सर्वजण धरून चालतात. पुढे कोणी जाणता भेटला आणि शस्त्रक्रिया पार पडली, की मंडळी याच्या नेमके उलट टोक गाठतात: ओठ जुळला, टाके निघाले, मूल दिसायला बरे झाले, तेव्हा प्रकरण निकालात निघाले. माझे म्हणणे असे आहे, की ही दोन्ही गृहीते सारखीच चुकीची आहेत, कारण जन्मजात व्यंग म्हणजे एका दिवशी घडून गेलेला अपघात नसून वाढीच्या क्रमातच पडलेला फरक आहे. तो फरक मूल वाढत असते तोपर्यंत, म्हणजे जवळजवळ अठरा वर्षे, नवनवी रूपे घेत राहतो, आणि म्हणून ज्या व्यवस्थेचा हिशेब शस्त्रक्रियेच्या दिवशी संपतो ती व्यवस्था, तिच्यातील माणसे कितीही निष्ठावान असोत, अपुरीच राहते.

हे समजण्यासाठी गर्भावस्थेपासून आरंभ केला पाहिजे. चौथ्या आठवड्यापासून आठव्या आठवड्यापर्यंतच्या अवधीत, म्हणजे पुष्कळदा आईला दिवस गेल्याची खात्री पटते न पटते तोच, मेंदूच्या मूळ नलिकेच्या कडेने निघालेल्या पेशी स्थलांतर करून चेहऱ्याच्या जागी येतात. तेथे कपाळाकडचा एक, वरच्या जबड्याचे दोन आणि खालच्या जबड्याचे दोन असे पाच उंचवटे तयार होऊन ते परस्परांकडे सरकू लागतात. सहाव्या-सातव्या आठवड्यात वरचा ओठ सांधला जातो, आणि त्यानंतर बाराव्या आठवड्यापर्यंत, जिभेच्या दोन अंगांना उभे लोंबणारे टाळूचे पडदे जीभ खाली जाताच आडवे होऊन मध्यभागी मिळतात. या सांधणीत कोठे खंड पडला तर ओठ किंवा टाळू किंवा दोन्ही दुभंगतात. जगभराची सरासरी काढली तर साधारणतः सातशे जन्मांमागे एका मुलाच्या बाबतीत असे घडते. त्याची कारणे अनुवंशाची आणि परिस्थितीची अशी मिश्र असतात आणि एकट्या एका कारणावर बोट ठेवता येईल असे क्वचितच होते. परंतु सातव्या महिन्यातल्या ग्रहणावरून सुनेला बोल लावणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे, की त्या ग्रहणाच्या कितीतरी आधी, तिसरा महिना संपतो त्याच सुमारास, ओठाचे आणि टाळूचे काम संपलेले असते. दोष देण्यासाठी हाती काहीच पुरावा नसताना एका बाळंतिणीला आयुष्यभर अपराधी ठरवणे हा अन्यायच होय, आणि तो अजूनही आपल्याकडे घडतो.

जन्मानंतरचे डोके मात्र सर्व भागांत एकाच गतीने वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ज्या देशांतील निरोगी बालके मोजून वाढीची मानके ठरवली त्यांत आपलाही देश होता, आणि त्या मानकांप्रमाणे मुलग्याच्या डोक्याचा घेर जन्मतः सरासरी ३४.५ सेंटिमीटर, एका वर्षाने ४६.१ आणि पाचव्या वर्षी ५०.७ सेंटिमीटर असतो. म्हणजे पहिल्या एका वर्षात साडेअकरा सेंटिमीटरांहून अधिक आणि पुढच्या चार वर्षांत मिळून पाच सेंटिमीटरही नाही. स्कॅमन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९३० साली ही विषमता आलेखात मांडली: मेंदू आणि त्याची पेटी सहा-सात वर्षांत जवळजवळ प्रौढ मापाला पोचतात, तर उरलेले शरीर संथपणे वाढत जाऊन पौगंडावस्थेत एकदम उसळी घेते. चेहऱ्याची गंमत अशी, की तो या दोहोंच्या सीमेवर वसलेला आहे. कपाळ आणि डोळ्यांच्या खोबण्या मेंदूबरोबर लवकर मोठ्या होतात, वरचा जबडा मधल्या काळात पुढे व खाली उतरत जातो, आणि खालचा जबडा तर सर्वांत शेवटी, मुलींत पंधरा-सोळाव्या आणि मुलग्यांत सतरा-अठराव्या वर्षापर्यंत वाढत राहतो. म्हणून एकाच व्यंगाचे पाचव्या वर्षीचे रूप आणि पंधराव्या वर्षीचे रूप यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडू शकते, आणि पाचव्या वर्षीच्या छायाचित्रावरून पंधराव्या वर्षाची हमी देता येत नाही.

कवटीचे उदाहरण अधिक स्पष्ट आहे. कवटीची हाडे आपण होऊन मोठी होतात असे नाही. आतला मेंदू वाढतो, तो हाडांना दूर सारतो, आणि हाडांमधल्या शिवणींत नवे हाड भरत जाते. यांतील एखादी शिवण वेळेपूर्वी मिटली तर मेंदू थांबत नाही, तो ज्या दिशेला वाट मोकळी आहे त्या दिशेला कवटीला नेतो. मिटलेल्या शिवणीच्या काटकोनातली वाढ खुंटते आणि शिवणीच्या दिशेतली वाढ अधिक होते, हा नियम फिर्खो या जर्मन वैद्याने १८५१ मध्ये सांगितला आणि त्याला पुढे कितीही पुरवण्या जोडाव्या लागल्या तरी त्याचा गाभा टिकून आहे. डोक्यावरची मधली उभी शिवण मिटली तर डोके नावेसारखे लांबट व अरुंद होते, कपाळामागच्या आडव्या शिवणी मिटल्या तर ते आखूड व उंच होते, आणि कपाळाच्या मधली शिवण फार लवकर मिटली तर कपाळाला त्रिकोणी धार येते. दोन-अडीच हजार जन्मांमागे एका मुलात आढळणारा हा प्रकार पुष्कळदा केवळ आकाराचा असतो. परंतु एकाहून अधिक शिवणी मिटल्या तर मेंदूवर आणि दृष्टीच्या नसेवर दाब येतो, आणि आपेर याने १९०६ मध्ये व क्रूझाँ याने १९१२ मध्ये वर्णिलेल्या विकारांत तर कवटीबरोबर चेहऱ्याचा मधला भागही मागे राहतो, डोळ्यांच्या खोबण्या उथळ राहिल्याने डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात आणि नाकाने श्वास घेणेही कठीण होते. अशा मुलाची शस्त्रक्रिया पहिल्या वर्षाच्या आत व्हावी लागते, कारण मेंदूच्या वाढीचा जो वेग नव्या आकाराला हातभार लावतो तो त्यानंतर ओसरतो. याच्या उलट, मेंदूत पाणी साठत असेल तर घेर भराभर वाढतो, डोक्यावरची टाळू फुगून ताठ होते आणि शिवणी फाकतात. डाऊन सिंड्रोमच्या मुलांत डोक्यावरची टाळू उशिरा भरते, डोके मागून चपटे आणि चेहऱ्याचा मधला भाग लहान राहतो, आणि त्यांची जीभ मोठी आहे असे जे सर्वांना वाटते त्यात बहुधा जिभेपेक्षा तोंडाच्या पोकळीचा लहानपणाच अधिक असतो.

एका अवयवाची वाढ शेजारच्या अवयवावर कशी अवलंबून असते याचे याहून बोलके उदाहरण पिएर रोबँ या फ्रेंच वैद्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात दिसते. गर्भात खालचा जबडा लहान राहतो, म्हणून जीभ वर आणि मागे अडकते, म्हणून टाळूचे पडदे तिच्या आड येण्याने मिटू शकत नाहीत, आणि जन्मल्यावर तीच जीभ घशात पडून बाळाचा श्वास कोंडते. दोष मुळात एक, परिणाम तीन. या बाळाला उताणे न निजवता पालथे किंवा कुशीवर निजवले, आणि दूध पाजण्याची नीट तजवीज केली, तर पुष्कळांच्या बाबतीत पहिल्या एक-दोन वर्षांत जबडा बराचसा पुढे येऊन संकट टळते. हाताशी काहीही नसलेल्या उपकेंद्रातल्या परिचारिकेला एवढे एक ठाऊक असले तरी एक जीव वाचू शकतो.

डोक्याच्या मोजमापाचा विषय निघाला, तेव्हा मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचा निर्देश केल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या आणि तेथे ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी प्रबंध लिहिला तो मानवी कवटीच्या विषमतेवर, म्हणजे कवटीच्या डाव्या व उजव्या बाजू एकमेकींशी कितपत जुळतात या प्रश्नावर. फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेने भारलेले गृहस्थ होते आणि कवटीच्या विषमतेत वंशाचा काही पुरावा मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. कवट्या मोजून पुण्याच्या या विदुषीने निष्कर्ष काढला तो असा, की विषमता आणि वंश यांचा काही संबंध दिसत नाही, विषमता सर्वत्रच आढळते. पुढे वंशशास्त्राच्या नावाखाली जर्मनीत काय घडले हे सर्वश्रुत आहे. मला या घटनेचे महत्त्व वाटते ते दोन कारणांनी. एक तर, पूर्ण समतोल चेहरा हा निसर्गाचा नियमच नव्हे, आणि व्यंग असलेले मूल व निर्व्यंग मूल यांच्यामध्ये जी भिंत आपण उभी करतो ती मोजपट्टीला दिसत नाही. मोजपट्टीला दिसतात त्या केवळ पायऱ्या. दुसरे असे, की डोकी मोजण्याचे काम माणसांची प्रतवारी लावण्यासाठीही करता येते आणि एखाद्या मुलाला वेळेवर मदत पोचवण्यासाठीही करता येते. पहिल्या कामाने जगात अपार दुःख माजवले म्हणून दुसऱ्या कामापासून आपण पराङ्मुख व्हावे, हे शहाणपणाचे नाही.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे दुभंगलेल्या ओठ-टाळूकडे वळतो, कारण आपल्या भागात चेहऱ्याच्या व्यंगांपैकी हेच सर्वांत अधिक दिसते आणि यातच वाढीचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आहे. एका बाजूने ओठ, हिरडी आणि टाळू पूर्ण दुभंगलेली असली म्हणजे ओठाच्या स्नायूंचा वेढा तुटतो, जबड्याचा मोठा तुकडा पुढे व बाजूला ढळतो, नाकाचा पडदा वाकतो आणि त्या अंगाची नाकपुडी पसरट होते. ओठ शिवल्याबरोबर स्नायूंचा वेढा पुन्हा पुरा होतो आणि काही महिन्यांत ते तुकडे बरेचसे जागेवर येतात. वाढ येथे शस्त्रवैद्याची साथ करते. टाळूच्या बाबतीत मात्र साथ करणारी वाढच अडखळते. टाळू शिवताना दोन्ही बाजूंचा पडदा हाडापासून सोडवून मध्यभागी आणावा लागतो, त्यामुळे बाजूला जो उघडा भाग राहतो तेथे वण तयार होतो, आणि हा वण पुढची दहा-पंधरा वर्षे वरच्या जबड्याला मागे धरून ठेवतो. मूल पाच वर्षांचे असताना हे कोणाच्या लक्षातही येत नाही. बाराव्या-तेराव्या वर्षानंतर खालचा जबडा आपल्या नियमाने पुढे सरसावतो, वरचा त्याच्या मागे राहतो, खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात, गाल आणि नाकाचा पाया बसल्यासारखा दिसतो, आणि लहानपणी ज्याचे सर्वांनी कौतुक केले तो मुलगा आरशापुढे उभा राहायला नको म्हणतो.

या मागासलेल्या वाढीत मूळ व्यंगाचा वाटा किती आणि शस्त्राचा किती, हा वाद दीर्घकाळ चालला. त्याचा निकाल लागण्यास ज्यांच्यावर कधी शस्त्रक्रियाच झाली नाही अशी प्रौढ माणसे पाहणे अवश्य होते, आणि अशी माणसे श्रीमंत देशांत उरली नव्हती. ती मेक्सिकोत सापडली, आणि १९८० नंतरच्या दशकात श्रीलंकेत सापडली, जेथे मायकेल मार्स या ब्रिटिश दंतवैद्याने अनेक वर्षे खपून त्यांची मोजमापे घेतली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातून आणि नंतरच्या अभ्यासांतून असे दिसले, की टाळू उघडीच राहिलेल्या प्रौढांचा वरचा जबडा पुढे येण्यात फारसा कमी पडलेला नव्हता, केवळ ओठ शिवलेल्यांचाही बहुतांशी ठीक होता, आणि लहानपणी टाळू शिवलेल्यांचा मात्र मागे राहिलेला होता. हा निष्कर्ष वाचताना एक गोष्ट विसरली जाते व ती विसरली जाऊ नये. ज्यांना कोणी वेळेवर हात लावला नाही, ज्यांनी अन्न नाकातून बाहेर येण्याची लाज आयुष्यभर सोसली, त्या निर्धन माणसांच्या उपेक्षेतून हे ज्ञान जगाला लाभले आहे. त्याचे ऋण फेडायचे तर ते त्यांच्यासारख्याच दरिद्री मुलखातल्या मुलांची काळजी घेऊनच फेडता येईल.

मग टाळू शिवूच नये, किंवा वाढ पुरी होईपर्यंत थांबावे, असे कोणी म्हणेल. जर्मनीत श्वेकेंडीक पिता-पुत्रांनी कठीण टाळू बाराव्या वर्षाच्या आसपासपर्यंत उघडी ठेवण्याची पद्धत चालवली. चेहरे चांगले वाढले, वाचा मात्र बिघडली. उघड्या टाळूच्या मुलाला तोंडात हवेचा दाब धरता येत नाही, म्हणून ओठांवर आपटून निघणारी प, ब ही अक्षरे त्याच्या मुखातून फुटतच नाहीत, हवा नाकावाटे निसटते, आणि पोर ‘बाबा’ म्हणते तेव्हा बापाला ‘मामा’ ऐकू येते. सहा-सात वर्षांपर्यंत असे बोलण्याची सवय जडली, की पुढे टाळू कितीही उत्तम शिवली तरी जीभ आणि घसा जुनी वाट सोडत नाहीत. शिवाय टाळूचे जे स्नायू कानाच्या आतली नळी उघडतात तेच निकामी असल्याने मधल्या कानात पाणी साठते आणि ऐकणेही मंद होते. चेहरा आणि वाचा यांच्यातला हा कलह खरा आहे, त्याला सर्वांना सुखी करणारे उत्तर नाही, आणि माझा कौल निःसंशय वाचेच्या बाजूचा आहे, कारण मागे राहिलेला जबडा अठराव्या वर्षी पुढे आणता येतो, परंतु शाळेच्या पहिल्या वर्गात चेष्टेला भिऊन मुकी झालेली मुलगी अठराव्या वर्षी बोलकी करता येत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, युरोप व दक्षिण अमेरिकेतील साडेपाचशेहून अधिक बाळांच्या चाचणीतही, केवळ टाळू दुभंगलेल्या मुलांत सहाव्या महिन्यातली शस्त्रक्रिया बाराव्या महिन्यातल्या शस्त्रक्रियेहून पुढच्या वाचेला अधिक हितकर ठरली. अर्थात तेथील भूल देणाऱ्यांची आणि बालरुग्णसेवेची सज्जता आपल्या प्रत्येक जिल्ह्यात आहे असे समजून तिचे अनुकरण करणे धोक्याचे होईल. परंतु असा कौल देणाऱ्याने त्याबरोबर येणारी जबाबदारीही पत्करली पाहिजे. वाचेसाठी आपण मुलाच्या चेहऱ्याची वाढ गहाण टाकतो आहोत, हे एकदा मान्य केले, की ते गहाण सोडवण्याची मुदतही आपणच सांभाळावी लागते.

पुण्याच्या एका कारागिराची कीर्ती या संदर्भात आठवते. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला त्या अनाम कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवे नाक करून दिले, आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ते वृत्त चित्रासह छापले गेल्यावर युरोपातील शस्त्रवैद्यांना नवी दिशा मिळाली. आपण त्या हस्तकौशल्याचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु ते कौशल्य वाढून पुऱ्या झालेल्या चेहऱ्यावर चालले होते. आज केलेले नाक दहा वर्षांनी तसेच राहणार होते. मुलाच्या चेहऱ्यावर काम करणाराला मात्र अजून अस्तित्वात न आलेल्या चेहऱ्यावर काम करावे लागते, आणि तेथे हाताच्या कौशल्याइतकीच दीर्घ स्मरणाची, म्हणजे नोंदवहीची, गरज पडते.

आमचा मराठवाडा या बाबतीत उशिरा जागा झाला यात त्याचा दोष नाही. १९४८ पर्यंत निजामी अंमलात राहिलेल्या या मुलखात औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९५६ साली. लातुरात डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालय १९६६ मध्ये उभे केले, नांदेडला शासकीय महाविद्यालय १९८८ मध्ये आले, आणि लातूरला तर चालू शतक उजाडल्यावर. तरीही दुभंगलेल्या ओठांच्या बाबतीत लातूरचे नाव आज आदराने घेतले जाते, कारण तेथील प्लास्टिक सर्जन डॉ. विठ्ठल लहाने यांनी स्माईल ट्रेन या संस्थेच्या साहाय्याने हजारो मुलांच्या शस्त्रक्रिया विनामूल्य केल्या आहेत. किल्लारी, कासारशिरसी, निलंगा, उमरगा या पट्ट्यातल्या शेतमजुराला पूर्वी मुंबई-पुण्याचे नाव घेताच धडकी भरे, त्याला आता एसटीने सकाळी निघून लातूर गाठता येते, ही सामान्य गोष्ट नव्हे.

सरकारनेही काही केले नाही असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथे सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुले त्याच्या कक्षेत येतात, त्याची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातात, आणि जन्मजात व्यंगांच्या त्याच्या यादीत दुभंगलेले ओठ-टाळू व डाऊन सिंड्रोम यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. कागदावर ही योजना मला अभिप्रेत असलेल्या अठरा वर्षांशी तंतोतंत जुळते. पण या यादीत कवटीच्या अकाली मिटलेल्या शिवणींना स्वतंत्र स्थान नाही, आणि व्यवहारात पथक मूल शोधते, कागद करून पाठवते, शस्त्रक्रिया होते, आणि ‘शस्त्रक्रिया झाली’ असा शेरा पडला की मुलाचे नाव पथकाच्या लक्षातून उतरते. पुढचे टप्पे कोणते? तिसऱ्या ते पाचव्या वर्षात वाचेची तपासणी व उपचार; कानांची वरचेवर तपासणी; आठ ते अकरा या वयात, सुळा येण्यापूर्वी, हिरडीतल्या खाचेत कमरेच्या हाडाचा चुरा भरणे; त्यानंतर दातांना तारा; आणि ज्यांचा जबडा मागे राहिला असेल त्यांच्यासाठी वाढ थांबल्यावर जबडा पुढे आणण्याची शस्त्रक्रिया. यांतला हिरडीचा टप्पा ठरलेल्या वयात चुकला तर सुळ्याला हाडाचा आधार मिळत नाही आणि नंतरचे काम तितकेसे चांगले साधत नाही. आणि नेमका हाच टप्पा खेड्यात सर्वाधिक चुकतो, कारण नऊ वर्षांचे पोर हसते-खेळते असते, ऊसतोडीला आईबापांबरोबर सहा महिने परमुलखात जाते, आणि त्याला दवाखान्यात न्यावे असे कोणाला काही कारणच दिसत नाही.

काही सुज्ञ मंडळी यावर म्हणतील, की जेथे कुपोषण आहे, पाण्याची टंचाई आहे, तेथे चेहऱ्याच्या रेखीवपणाची चिकित्सा ही चैन आहे. हा आक्षेप वरवर जबाबदार दिसतो, पण तो वस्तुस्थितीला धरून नाही. ज्याचे वरचे व खालचे दात मिळत नाहीत त्याला भाकरीचा तुकडा तोडता येत नाही. ज्याचे कान वाहतात त्याला मास्तरांचे ऐकू येत नाही. टाळू दुभंगलेले अर्भक ओढून पिऊच शकत नसल्याने बोंडल्याने किंवा चमच्याने, डोके उंच धरून, थोडे थोडे पाजण्याची रीत आईला पहिल्या दिवशी कोणी दाखवली नाही, तर त्याचे वजन दहा पौंडांपर्यंत पोचत नाही आणि ओठाची शस्त्रक्रियाच लांबते. म्हणजे कुपोषण आणि व्यंग हे दोन प्रश्न नव्हेत, एकाच मुलाच्या अंगावर ते एकदम येतात. आणि मुलीच्या बाबतीत, तिचे लग्न ठरेना म्हणून अठराव्या-विसाव्या वर्षी तिला शस्त्रवैद्यापुढे आणणाऱ्या बापाला चैनीचा आरोप करून परत पाठवण्याचे धैर्य मला तरी होणार नाही. तिला आठव्या वर्षी का आणले नाही, एवढेच मी विचारीन, आणि तो प्रश्नही त्याला नव्हे, आपणा सर्वांना.

उपाय परदेशातून आणण्याची गरज नाही, तो किल्लारीतच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंतचतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या त्या रात्री, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी या भागात भूकंप झाला, दगडामातीच्या जाड भिंतींवर उभी असलेली माळवदे निजलेल्या माणसांवर कोसळली आणि जवळजवळ दहा हजार माणसे दगावली. ढिगारे उपसण्याचे काम दिवसांचे होते. बावन्न गावांचे पुनर्वसन आणि इतर असंख्य गावांतल्या घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण हे वर्षानुवर्षे चालले. त्या दुसऱ्या कामात सरकारला फार लवकर कळून चुकले, की अभियंते आणि हुकूमनामे यांनी घरे उभी राहत नाहीत, आणि तेव्हा गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. त्यांनी घरोघर जाऊन हप्ता कधी मिळेल, तुळई कोठे बसवायची, कोणत्या कामाची पाहणी राहिली, हे समजावले आणि मालकांना कामाला लावले. मोठ्या आपत्तीनंतर मदत आणि पुनर्वसन यांतला भेद जेवढा या भागाने अनुभवला आहे तेवढा महाराष्ट्रात क्वचितच कोणी अनुभवला असेल. शस्त्रक्रिया ही मदत आहे. अठरा वर्षांची देखरेख हे पुनर्वसन आहे. मग दुभंगलेल्या ओठाच्या प्रत्येक मुलामागे गावातलीच एक आशाताई किंवा अंगणवाडीताई तशीच संवाद सहायक का असू नये? तिच्या वहीत मुलाच्या नावापुढे पाच तारखा लिहिलेल्या असाव्यात, ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबाच्या दारी तिने जावे, लातूरच्या किंवा नांदेडच्या दंत महाविद्यालयात त्याची वेळ ठरवून द्यावी, आणि प्रवासखर्चाची तरतूद योजनेतच असावी. अंगणवाडीत बाळाचे वजन होते, उंची घेतली जाते, दंडाचा घेर मोजला जातो. पहिल्या दोन वर्षांत डोक्याचा घेरही साध्या फितीने मोजून तक्त्यावर मांडला, तर अकाली मिटलेली शिवण आणि मेंदूतले पाणी हे दोन्ही आज सापडतात त्याहून पुष्कळ आधी सापडू लागतील. यासाठी नवी इमारत नको, नवे खाते नको. हवा आहे तो हिशेबाच्या पद्धतीत बदल: जिल्ह्याच्या वार्षिक अहवालात ‘यंदा शस्त्रक्रिया किती झाल्या’ या रकान्याशेजारी ‘दहा वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी यंदा किती मुले पुन्हा तपासली’ असा आणखी एक रकाना घालावा. पहिली काही वर्षे तो रकाना लाजिरवाणा दिसेल, म्हणूनच तो घालणे अगत्याचे आहे.

तोपर्यंत, हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. आपल्या घरात, भावकीत, शेतावर कामाला येणाऱ्यांच्या कुटुंबात किंवा आपण शिकवीत असलेल्या वर्गात ज्याचा ओठ किंवा टाळू लहानपणी शिवलेली आहे असे मूल असेल, तर त्याचे वय विचारा. ते सात-आठ वर्षांचे झाले असेल, तर दुखत-खुपत नसले तरी त्याला या वर्षीच ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्याकडे आणि दंतवैद्याकडे नेण्यास त्याच्या आईबापांना सांगा, आणि हिरडीत हाड भरण्याची वेळ आली आहे का, हे स्पष्ट विचारायला सांगा.